वेल्सने रेखाटलेले नाना फडणवीस

१/ इ.स. १७९२. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या ओळखीने पेशव्यांचा दरबार त्याला खुला झाला.

२/ तत्कालीन दरबारी लघुचित्रांत चेहरा बहुधा एका बाजूने दाखवीत. माणसाचे मोठेपण पोशाखावरून व अलंकारांवरून कळे. वेल्सच्या तैलरंगांनी छायाप्रकाश आणला आणि चेहराच बोलू लागला.

३/ त्याच्या प्रसिद्ध समूहचित्रात सवाई माधवराव रत्नमोत्यांनी मढलेले आहेत. शेजारी नाना फडणवीस, शिडशिडीत आणि साध्या वेषात. पेशव्यांचे वय अठरा, नानांचे पन्नास. दागिने एकाच्या अंगावर, कारभार दुसऱ्याच्या हाती.

४/ यामागे इतिहास होता. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. पुढील वर्षी जन्मलेल्या त्यांच्या पुत्राला अवघ्या चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे मिळाली. बारभाईंनी राज्य सावरले. पुढे सूत्रे नानांकडे एकवटली. मूल तरुण झाले, तरी पालकाची पकड सैल झाली नाही.

५/ ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात उंचावरून पडून सवाई माधवरावांचा अंत झाला. अपघात की आत्मघात, हा वाद आजही आहे. त्याच वर्षी वेल्सही वारला.

६/ म्हणूनच हे चित्र पाहताना सावध असावे. तरुण पेशव्याच्या चेहऱ्यावर आपल्याला दिसणारी उदासी वेल्सने टिपलेली, की पुढचे ठाऊक असल्याने आपणच तिथे ठेवलेली? व्यक्तिचित्र स्वभाव उघड करते खरे. पण कधी कधी तो पाहणाऱ्याचाही असतो.