१२३४५६७८९८७६५४३२१ : मोबाईललाही चकवणारी पॅलिन्ड्रोम संख्या

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटं वाचलं तरी तेच राहतं. संख्यांमध्येही असा प्रकार असतो, त्याला पॅलिन्ड्रोम संख्या म्हणतात. त्यातली माझी आवडती सतरा अंकी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या येते कुठून?

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असंच पुढे गेलं की नऊ वेळा १ लिहिलेल्या संख्येचा वर्ग म्हणजे आपली संख्या. शाळेतल्यासारखा उभा गुणाकार मांडून बघा. तीच ओळ नऊ वेळा येते, दरवेळी एक घर डावीकडे सरकून. उजवीकडच्या पहिल्या घरात एक १, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ आणि मग परत कमी कमी. बेरीज नऊच्या वर जातच नाही, त्यामुळे हातचा येत नाही. दहा वेळा १ घेतला की मधे दहा होतात, हातचा येतो आणि सगळं बिघडतं: १२३४५६७९००९८७६५४३२१.

हे कौतुक जुनं आहे. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ चं वर्णन केलंय: एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या.

थोडक्यात गुणधर्म

• अंकांची बेरीज ८१, म्हणून ९ ने भाग जातो.
• मूळ अवयव: ३⁴ × ३७² × ३३३६६७². सगळे घातांक सम, हीच पूर्ण वर्गाची खूण.
• एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषम संख्येत असतात.

मग मोबाईल कुठे चुकतो?

ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट साधी संख्या ६४ बिटमध्ये साठवते, पण अचूकतेसाठी ५३ बिटच कामी येतात. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक बिनचूक राहतो. आपली संख्या जिथे येते तिथे फक्त सम संख्या बसतात, आणि ही तर विषम! म्हणून जावास्क्रिप्टमध्ये १११११११११ चा वर्ग करा, उत्तर मिळेल १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा १ गेला, पॅलिन्ड्रोम मोडला, आणि एररसुद्धा नाही.

एक्सेल तर १५ अंकच सांभाळतं, पुढे शून्य भरतं. तिथे हीच संख्या १२३४५६७८९८७६५४३०० होते.

आपल्याला काय त्याचं?

सोळा अंकी कार्ड नंबर एक्सेलमध्ये तसाच टाईप केलात, तर शेवटचा अंक गुपचूप ० होतो. नंतर फॉरमॅट बदलूनही तो परत येत नाही. म्हणून आधी सेलचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा, मग नंबर टाका. कोडिंग शिकत असाल तर जावास्क्रिप्टमध्ये मोठ्या पूर्णांकांसाठी ‘बिगइंट’ वापरा. माझा साधा नियम असा: ज्या नंबरची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो अक्षरांसारखाच साठवायचा.