गोलफरकाचा करंडक

हिवरखेड ज्या जिल्ह्यात येते त्या आमच्या अकोल्याची लोकसंख्या २०११ मध्ये अठरा लाखांवर होती. अख्ख्या गोव्याची पंधरा लाखांच्या आत. तरी २००७-०८ पासून सलग सहा हंगाम आय-लीग फुटबॉलचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. त्यांतला पहिला मला सर्वांत चुरशीचा वाटतो. अठरा सामन्यांनंतर धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स, दोघांचेही ३६ गुण! चर्चिलच्या ओडाफाने सर्वाधिक २२ गोल केले, पण गोलफरकाने करंडक आर्मांदो कुलासो यांच्या धेंपोकडे गेला. पुढच्याच वर्षी चर्चिलने तो हिसकावला. नंतर पुन्हा धेंपो, मग साळगावकर. २०१६ मध्ये महासंघाने आय-लीगला दुय्यम ठरवणारा आराखडा मांडला, तेव्हा निषेध म्हणून साळगावकर आणि धेंपो बाहेर पडले. धेंपोने तर त्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून वरची जागा परत मिळवली होती.