जुन्या लांकडाची गिटार

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तरी इंग्लंडांतील शिधावाटप १९५४ पर्यंत चालूच होतें. त्या काळांतून गेलेल्या कुटुंबांस मोडकी वस्तु फेंकण्यापूर्वीं ती आणखी कोठें उपयोगी पडेल, हें पाहण्याची संवय जडली होती. लंडनजवळील फेल्थम येथें राहणारे हॅरोल्ड मे हे त्यांतलेच. ते व्यवसायानें इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. घरांतला टेलिव्हिजनही त्यांनीं स्वतःच जुळविलेला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रायन यास सोळाव्या वर्षीं विजेची गिटार हवीशी वाटूं लागली. नामांकित कारखान्याची गिटार घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून १९६३ च्या ऑगस्टमध्यें पितापुत्रांनीं ती घरींच करावयास घेतली.

शंभर वर्षांहून जुन्या अशा एका शेकोटीच्या चौकटीचें महोगनी लांकूड तासून गिटारीची मान तयार झाली. त्यांत किडीनें पाडलेलीं छिद्रें आगकाड्यांनीं बुजविलीं. धडाचा मधला भाग जुन्या टेबलाच्या ओक लांकडाचा, तर स्वरस्थानें दाखविणारे ठिपके आईच्या शिवणाच्या पेटींतील शिंपल्याच्या बटणांचे.

परंतु ह्या गिटारीची खरी कसोटी स्वर हेलकावणाऱ्या दांडींत होती. दांडी दाबली कीं तारा सैल होऊन स्वर उतरतो, सोडली कीं तो पूर्वस्थळीं यावयास हवा. वाटेंत घर्षण झाल्यास तार बेसूर होते. हें ओळखून त्यांनीं तारांची बैठक पोलादाच्या सुरीसारख्या धारेवर तोलली, आणि तारांच्या ओढीस उलट ओढ देण्यासाठीं १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलीच्या झडपांच्या दोन स्प्रिंगा बसविल्या. दांडी सायकलीच्या पिशवीच्या आधाराची. तिचें टोंक आईच्या विणकामाच्या सुईचें. सुमारें दोन वर्षें श्रम झाले. खर्च अवघा ८ पौंडांच्या आसपास.

पुढें १९७० सालीं ब्रायन 'क्वीन' ह्या वाद्यवृंदांत आला. त्याचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, हा आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला. मात्र खगोलशास्त्राचें संशोधन अर्धवट टाकून मुलानें वादनावर पोट भरावें, हें हॅरोल्डांस मुळींच रुचलें नाहीं. ज्या हातांनीं मुलास गिटार घडविण्यास शिकविलें, त्याच हातांस ती त्याची उपजीविका व्हावी हें नको होतें! कांहीं काळ दोघांतील बोलणेंही जवळजवळ थांबलें. अखेर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें सहस्रावधि श्रोत्यांपुढें मुलाचें वादन त्यांनीं प्रत्यक्ष ऐकलें, तेव्हां मुलानें हा मार्ग कां धरला तें त्यांस उमगलें.

हॅरोल्ड १९८८ सालीं निवर्तले. ३ जून २००२ रोजीं राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावरून इंग्लंडचें राष्ट्रगीत वाजलें, तें ह्याच गिटारीवर. अर्धवट राहिलेलें संशोधनही ब्रायननें पुरें करून २००७ सालीं डॉक्टरेट मिळविली. पित्याच्या मनांतलें तें कार्य पाहावयास पिता राहिला नव्हता. परंतु दोघांनीं मिळून तासलेलें शेकोटीचें लांकूड मुलाच्या हातांत होतें.