बंदर नसलेल्या जिल्ह्यात नाव बांधायची कोठे?

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, बंदर नाही आणि बंदर अधिकारीही नाही. तरीही जिल्ह्यात नावा आहेत. उत्तरेकडून गोदावरी वाहते आणि गेवराई व माजलगाव या तालुक्यांना जालना व परभणी जिल्ह्यांपासून वेगळे करते. सिंदफणेवरील माजलगाव धरण आणि केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण हे जिल्ह्यातील मोठे जलाशय आहेत. मासेमारी, पलीकडच्या काठावरील शेती, तीर्थक्षेत्रांची ये-जा आणि पूरकाळातील बचावकार्य या सर्वांसाठी येथे होडी वापरली जाते. मात्र ही होडी कोठे बांधावी, किती माणसे न्यावीत आणि वारा सुटल्यावर तिला कोणी थांबवावे, याचे नियम अनेकांना ठाऊक नसतात. नियम नाहीत असे नव्हे. ते वेगवेगळ्या कायद्यांत आणि वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहेत.

बंदरात आज्ञा एकाची

समुद्रावरील बंदरात नाव नांगरण्याची व्यवस्था दीर्घकाळ १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यानुसार चालत आली. या कायद्याने प्रत्येक बंदरासाठी 'संरक्षक' नेमण्याची तरतूद केली. जहाजाने बंदरात केव्हा व कसे यावे, कोणत्या जागी उभे राहावे, जलमार्गात अडथळा होत असल्यास कोठे हलावे, याचे आदेश देण्याचा अधिकार त्याला मिळाला. मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या जहाजाचा दोर सोडणे हाही या कायद्याने गुन्हा ठरविला. २०२५ मध्ये संसदेने याची जागा घेणारा नवा भारतीय बंदर कायदा संमत केला.

महाराष्ट्रातील लहान बंदरांचा कारभार १९९६ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. खात्यांची नावे बदलली, कायदे बदलले. परंतु बंदराच्या हद्दीतील पाण्यावर कोणाचा शब्द चालतो, हा प्रश्न तेथे उरत नाही. नदीकाठी आणि धरणाच्या काठी नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा

नद्या, कालवे आणि जलाशयांतील यांत्रिक नौकांसाठी १९१७ चा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ लागू होता. त्याऐवजी अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ करण्यात आला आणि जून २०२२ पासून तो अमलात आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालविणाऱ्याची पात्रता यासंबंधीच्या तरतुदी त्यात आहेत. लाटांच्या उंचीनुसार जलक्षेत्रांची प्रतवारी करण्याची पद्धतही या कायद्यात आहे. शांत ओढ्यात चालणारी नाव मोठ्या जलाशयाच्या मध्यावर सुरक्षित असेलच असे नाही, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

बीडच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची तरतूद वल्ह्यांच्या किंवा शिडाच्या होड्यांविषयी आहे. यंत्र नसलेल्या अशा नावांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी, यासाठी राज्य सरकारला जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत स्तरापर्यंत अधिकार सोपविता येतात. गावातील नावाड्याने मुंबईचे कार्यालय गाठण्याची गरज पडू नये, हा त्यामागील हेतू आहे.

राष्ट्रीय जलमार्गांचा प्रश्न निराळा आहे. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला आणि त्यात मांजरा नदीचाही समावेश आहे. मात्र तो टप्पा खालच्या अंगाचा, सिंगूर धरणापासून गोदावरीच्या संगमापर्यंतचा आहे. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून बीड जिल्ह्यातून वाहणारी मांजरा त्यात येत नाही. राज्यघटनेनुसार तरींची, म्हणजे नावेने नदी ओलांडण्याच्या ठिकाणांची, व्यवस्था हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे.

एकच काठ, अनेक खाती

धरणाचा जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. त्यातील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत दिला जातो. नदीपात्रातील वाळू महसूल विभागाच्या अखत्यारीत येते. गावाचा घाट ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतो, तर अपघात झाल्यास पंचनामा पोलिसांना करावा लागतो. यातील प्रत्येक खाते आपापल्या कामापुरते पाहते. ठेकेदाराला मासे धरण्याची परवानगी मिळाली, म्हणून त्याच्या होडीला प्रवासी नेण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. तसेच धरणाच्या भिंतीजवळ, दरवाजांपुढे किंवा पाणी उपसा करणाऱ्या विहिरीजवळ नाव बांधणे धोक्याचे असते. माजलगाव धरणातून बीड शहराला आणि मांजरा धरणातून लातूर शहराला पिण्याचे पाणी जाते. त्यामुळे यांत्रिक नौकेतील इंधन पाण्यात मिसळू न देणे, हाही येथे सार्वजनिक आरोग्याचा विषय ठरतो.

पाणी चढते, काठ सरकतो

समुद्रात भरती-ओहोटीचे वेळापत्रक असते. धरणात तसे नसते. पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात उतरते आणि काठ दूर सरकतो. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उलट सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत गोदावरी व सिंदफणा या नद्यांना मोठे पूर आले. एकाच जिल्ह्यात नाव कधी चिखलात रुतते, तर कधी दोर तोडून वाहून जाते.

आखूड दोराने खुंटीला बांधलेली होडी पाणी चढताच एका बाजूला ओढली जाते आणि तिच्यात पाणी शिरते. पाणी उतरले तर ती काठावर लटकते. म्हणून दोर ढिला ठेवणे, पाण्याच्या पातळीनुसार बांधण्याची जागा बदलणे आणि पुढे व मागे असे दोन ठिकाणी बांधणे आवश्यक असते. नांगर टाकायचा असल्यास दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. दोर आखूड असेल तर नांगर तळाला धरत नाही, उचलला जातो.

नदीपात्रात आणखी एक धोका असतो. पैठणच्या जायकवाडी धरणातून किंवा माजलगाव धरणातून पाणी सोडले की खालच्या बाजूची पातळी वाढू लागते. गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे आहेत. त्यांच्यामागे पाणी साठून राहते आणि दरवाजे उघडल्यावर प्रवाह जोर धरतो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधलेली नाव सुटल्यास ती थेट दरवाजांकडे ओढली जाते. विसर्गाचा इशारा मिळताच नाव पाण्याबाहेर ओढून घेणे, हाच खात्रीचा उपाय आहे.

उजनीचा धडा

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उजनी जलाशयात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. लहान मुलांसह सहा जणांचा मृत्यू झाला. जलाशयाचे पाणी एरवी संथ दिसते. मात्र उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडविणारे काही नसते आणि वळवाच्या वाऱ्यात थोड्याच वेळात लाटा उठतात. अशा वेळी नाव किनाऱ्याला बांधून ठेवणे हाच सर्वांत महत्त्वाचा नियम असतो. तो सांगणारा अधिकृत माणूस काठावर नसेल, तर निर्णय नावाड्यावर आणि घरी जाण्याची घाई असलेल्या प्रवाशांवर पडतो.

बीड जिल्ह्यानेही पाण्याचा धोका पाहिला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या एका व्यक्तीचा शोध घेताना बचाव पथकातील एका जवानालाही प्राण गमवावे लागले. शोधकार्यासाठी सुस्थितीतील नाव, ती उतरविण्याची मोकळी जागा आणि जलाशयाची माहिती असलेले स्थानिक मच्छीमार यांची गरज अशा वेळी प्रकर्षाने जाणवते.

वाळूच्या होड्या

गोदापात्रात प्रशासनाची कारवाई सर्वाधिक दिसते ती अवैध वाळू उपशावर. तराफे, केन्या आणि सक्शन पंप बसविलेल्या होड्या महसूल व पोलिस पथके जप्त करतात किंवा नष्ट करतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४८ नुसार दंड व जप्तीची तरतूद आहे. हा नियम गौण खनिजासाठी आहे, जलवाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी नाही. उपशामुळे पात्रात पडलेले खोल खड्डे मात्र नावाड्याला आणि पायी उतरणाऱ्याला सारखेच धोकादायक ठरतात.

अधिकार कोणाचा, जबाबदारी कोणाची

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. धोक्याच्या क्षेत्रातील वाहतूक आणि लोकांचा प्रवेश यांवर निर्बंध घालण्याचे अधिकार या प्राधिकरणाला आहेत. याचा अर्थ, पूर किंवा वादळाच्या इशाऱ्यानंतर एखादी तर बंद ठेवण्याचा आदेश देण्यास कायद्याची अडचण नाही. विखुरलेल्या खात्यांना एकत्र आणू शकणारी व्यवस्था जिल्ह्यातच आहे.

गावपातळीवर करावयाची कामे थोडी आहेत: नावेची नोंद, तिच्या क्षमतेचा आकडा नावेवरच ठळक रंगविणे, प्रवाशांइकी जीवरक्षक जाकिटे, रात्री व वाऱ्यात प्रवास बंद आणि विसर्गाचा इशारा घाटावर पोहोचविणारी एक निश्चित व्यक्ती. प्रवाशानेही नावेत पाऊल ठेवण्यापूर्वी माणसे मोजावीत आणि जाकीट मागून घ्यावे. बंदर नसलेल्या जिल्ह्यात बंदर अधिकारी येणार नाही. परंतु काठावरची नाव कोणाच्या आदेशाने सुटेल आणि कोणाच्या आदेशाने थांबेल, हे पहिल्या पावसाआधी ठरविणे प्रत्येक घाटाला शक्य आहे.