दिनविशेष : २२ एप्रिल
१८८९ : एका दुपारी वसले किंगफिशर

अमेरिकेतील आजच्या ओक्लाहोमा राज्यात सोमवार, २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बारा वाजता इशारा झाला आणि सुमारे ५०,००० माणसे घोड्यांवरून, गाड्यांतून, पायी धावत सुटली. जवळपास २० लाख एकर जमीन वसाहतीसाठी खुली झाली होती. सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला १६० एकरांवर हक्क सांगता येत होता. हक्कनोंदणीच्या कचेऱ्या दोनच होत्या, गथ्री आणि किंगफिशर. संध्याकाळपर्यंत किंगफिशरला तंबूंचे गाव उभे राहिले.

शेतकऱ्याला नांगराइतकीच गरज जवळच्या गावाची असते, हे या दिवसाने दाखवले. जमिनीचा कागद, बियाणे, अवजारांची दुरुस्ती, धान्याला गिऱ्हाईक हे सारे हाकेच्या अंतरावर असेल तरच शेती टिकते. किंगफिशर आजही भोवतालच्या गहू पिकवणाऱ्या शिवाराचे गाव आहे.

मात्र ही जमीन बेवारस नव्हती. क्रीक आणि सेमिनोल या मूळनिवासी राष्ट्रांकडून सरकारने ती आधी काढून घेतली होती. गावाच्या जन्मदिवशी त्यांचेही स्मरण झाले, तरच इतिहास पुरा होतो.