एक्स-रेत न दिसलेला गुडघा

आमच्या घरात दोन गुडघे गेले. काकांचा 1985 साली, माझा गेल्या वर्षी. दोन्ही पैठणमध्ये, कबड्डी खेळताना. पाय मातीत रोवलेला, अंग वळलं आणि आतून 'टक्' असा आवाज आला.

काकांचा एक्स-रे काढला. हाड शाबूत. "काही झालेलं नाही," असं सांगितलं गेलं. सूज उतरल्यावर ते मैदानात परतले, पण चढाईत वळलं की गुडघा निसटायचा. संघातली पोरं म्हणाली, "घाबरला." काकांनी खेळ सोडला.

एक्स-रे खोटं बोलला नव्हता. 1895 साली राँटजेनना सापडलेले हे किरण हाडातल्या कॅल्शियमला अडतात. मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारे लिगामेंट त्यांत उमटत नाहीत. पण ते तुटतात हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्याच 1895 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन या सर्जननी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले तुटलेले लिगामेंट शिवले होते. अडचण पाहण्याची होती. त्यासाठी गुडघा उघडावा लागे. 1918 मध्ये टोकियोत केंजी ताकागींनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. तरी छिद्र पाडावं लागणारच होतं.

न कापता पाहायची वाट निघाली ती शरीरातल्या पाण्यातून. मोठ्या चुंबकात ठेवल्यावर पाण्यातल्या हायड्रोजनचे अणुगर्भ रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. त्यावरून चित्र कसं काढायचं हे पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखवलं. पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते वेगवान केलं. दोघांना 2003 चं नोबेल मिळालं. या चित्रात धड लिगामेंट ताणलेल्या काळ्या पट्टीसारखा दिसतो. तुटलेला असेल तर पट्टी फुगलेली, धूसर किंवा मध्येच खंडित. हाडाला आतून बसलेला मुका मारही दिसतो.

भारतातलं पहिलं एमआरआय मशीन दिल्लीत आलं 1986 मध्ये. काकांच्या दुखापतीनंतर वर्षभराने. म्हणून मी समजत होतो की काकांना मशीन नडलं.

मी तपासायला संभाजीनगरला गेलो तेव्हा काका सोबत होते. डॉक्टरांनी आधी माझा गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढली आणि म्हणाले, "लिगामेंट गेलाय. एमआरआयमध्ये गादी किती फाटली तेही कळेल." ही लॅकमन टेस्ट. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेली. तिला लागतात फक्त दोन हात.

म्हणजे 1985 मध्येही काकांचं निदान होऊ शकलं असतं. एक्स-रे स्वच्छ आला आणि पुढे कुणी हात लावला नाही, एवढंच.

मी डॉक्टरांना काकांचाही गुडघा पाहायला सांगितलं. त्यांनी नडगी ओढली. ती सरकली.

"काका, तुमचाही तुटलेलाच आहे की."

परतताना एसटीत काका गप्प होते. बिडकीन मागे पडल्यावर म्हणाले, "म्हणजे मी घाबरलो नव्हतो."