गोळी कोणत्या कार्डावर मिळते? आडारकर अहवालापासून वर्ध्याच्या निवृत्त कामगारापर्यंत

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की एक पोस्टर मोबाईलवर फिरू लागते. 'कामगारांना ईएसआय कोणी दिले? बाबासाहेबांनी!' खाली फोटो, निळा झेंडा, जयभीम. मीही ते अनेकदा पुढे पाठवले आहे. पण या पोस्टरखाली उभा राहून एखादा निवृत्त कामगार विचारतो, "मग माझे कार्ड कुठे आहे?" तेव्हा आपल्याला उत्तर देता येत नाही. इतिहास घोषणेइतकाच माहीत असला की असे होते.

आधी पोस्टर किती खरे ते पाहू. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत ते खाते त्यांच्याकडे होते. कामगारांसाठी आजारपणाचा विमा असावा ही शिफारस रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ मध्येच केली होती. ती दहा-बारा वर्षे कागदावरच राहिली. मार्च १९४३ मध्ये, म्हणजे बाबासाहेब मजूर खाते सांभाळत असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याची जबाबदारी सोपवली गेली. इंग्लंडमध्ये बेव्हरिज अहवाल येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल दिला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू हे तीन उद्योग त्यांनी धरले होते. विमा सक्तीचा असावा आणि तो वर्गणीवर चालावा, हा त्या योजनेचा कणा होता.

पुढचा भाग पोस्टरवर नसतो. विधेयक १९४६ मध्ये आले आणि एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा मंजूर झाला, तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. बाबासाहेब कायदामंत्री होते आणि संविधानाच्या मसुद्यात गुंतले होते. त्यामुळे 'कायदा बाबासाहेबांनी केला' असे सरळ म्हटले की विरोधक तारीख दाखवून मोकळा होतो. 'पाया त्यांच्या खात्यात घातला गेला' असे म्हटले तर कोणालाही खोडता येत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी दुसरे वाक्य पाठ करावे.

या पायात नेमके काय होते? वर्गणी मजुरीच्या प्रमाणात भरायची आणि उपचार गरजेच्या प्रमाणात घ्यायचे. आजचा दर जुलै २०१९ पासूनचा आहे. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. वीस हजार पगाराच्या कामगाराचे महिन्याला १५० रुपये कापले जातात, मालक ६५० भरतो. घरात कोणी आजारी पडले नाही तरी तेवढेच, कोणाला कॅन्सर झाला तरी तेवढेच. वय विचारले जात नाही, आधीचे आजार विचारले जात नाहीत. बाजारातल्या मेडिक्लेमचे नेमके उलटे असते. माणूस म्हातारा झाला, साखर वाढली, की हप्ताही वाढतो. ज्याला गरज जास्त त्याने पैसे जास्त भरायचे. विमा नियामकाला जानेवारी २०२५ मध्ये सांगावे लागले की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विचारा. यावरूनच काय चालले होते ते कळते.

आता वर्ध्याकडे या. हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाट आणि पुलगाव ही गिरण्यांची गावे. आपल्या कित्येक घरांत पहिला महिनेवारी पगार गिरणीचाच आला. गिरणी कायम चालणारा कारखाना, म्हणून तिथला कामगार विम्यात आला. पण तोच कापूस गिरणीत पोहोचण्याआधी जिनिंग-प्रेसिंगमधून जातो. तिथे सरकी वेगळी करणाऱ्या, रुईच्या धुळीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाया कोण होत्या हे वर्ध्याच्या वाचकाला सांगायला नको. १९४८ च्या कायद्याने 'हंगामी कारखाना' अशी व्याख्या केली, त्यात जिनिंग आणि प्रेसिंगचे नाव घेऊन घातले, आणि हंगामी कारखाने विम्याबाहेर ठेवले. शेतमजूर तर हिशेबातच नव्हता. म्हणजे एकाच घरात नवऱ्याच्या छातीला विमा होता आणि बाईच्या छातीला नव्हता. दमा दोघांनाही होता.

गिरणीत जो आत आला त्याचे तरी पुढे काय झाले? मूळ कायद्यात नोकरी संपली की विमा संपत होता. तीस वर्षे वर्गणी भरायची, आणि आजार सुरू होण्याच्या वयात दवाखान्याचे दार बंद. १९८९ च्या दुरुस्तीने निवृत्तांसाठी दार थोडे उघडले. नियम असा झाला: किमान पाच वर्षे विम्यात असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांना हा लाभ २०१० च्या दुरुस्तीनंतर मिळाला. तोवर कापड गिरण्यांमधून स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली किती लोक बाहेर काढले गेले होते! आणि निवृत्तीचे वय होण्याआधीच गिरणीला कुलूप लागले, राजीनामा नाही की निवृत्तीचा कागद नाही, त्या कामगाराने कोणत्या रकान्यात बसायचे?

माझे मोठे बाबा एका गिरणीत सूतखात्यात होते. रीतसर वय पूर्ण होऊन निवृत्त झाले. हार घातला, नारळ दिला, हिशेब दिला. १२० रुपयांचे कोणी सांगितले नाही. ना मालकाच्या ऑफिसने, ना युनियनच्या पुढाऱ्याने. बीपीची गोळी ते मेडिकलमधून विकत घेत आणि पैसे पुरावेत म्हणून एक दिवसाआड खात. "अर्ध्या गोळीनंही भागते रे," म्हणायचे. लकवा आला तेव्हा मोठ्या आईने पाटल्या मोडल्या. ते गेल्यावर काही वर्षांनी मी हा नियम वाचला. ज्या माणसाने उभी हयात वर्गणी भरली, त्याला रोज पूर्ण गोळी महिन्याच्या दहा रुपयांत मिळाली असती. पंधरा वर्षांचे अठराशे रुपये होतात. पाटल्या त्यापेक्षा कितीतरी महाग होत्या.

केंद्र सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी सीजीएचएस १ जुलै १९५४ ला दिल्लीत सुरू झाली आणि पुढे नागपूरसह मोठ्या शहरांत पसरली. वर्ध्यात नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारातला नागरी कर्मचारी, पोस्टातला शिपाई हे नोकरीत असताना १९४४ च्या वैद्यकीय नियमांखाली येतात. ते नियम निवृत्तांना लागू नाहीत. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी छत्र मिटते. इथे आपल्या लोकांची एक चूक मी वारंवार पाहतो. 'सीजीएचएस नागपूरला, आपल्याला काय उपयोग' म्हणून ते महिन्याचा एक हजार रुपये वैद्यकीय भत्ता घेतात आणि कार्ड काढतच नाहीत. पण तिसरा रस्ता आहे. बाहेरच्या उपचारासाठी भत्ता घ्यायचा आणि भरती होण्यासाठी जवळच्या शहरातले सीजीएचएस कार्ड काढायचे, हे नियमात बसते. फेब्रुवारी २०१७ च्या दराने लेव्हल १ ते ५ मधून निवृत्त झालेल्याला महिन्याला २५० रुपये पडतात, लेव्हल ६ ला ४५०, लेव्हल ७ ते ११ ला ६५०, त्यावर एक हजार. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड आयुष्यभराचे. म्हणजे चतुर्थ श्रेणीतल्या माणसाला तीस हजार एकदाच. भत्ता वर्षाला बारा हजार मिळतो, तर अडीच वर्षांच्या भत्त्यातच ते वसूल होतात. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात असतात तेव्हाच हे करून टाकावे. एकदा ते पैसे मुलीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेले की तीस हजार उभे राहत नाहीत.

राज्य सरकारच्या निवृत्ताला एवढेही नाही. सेवेत असेपर्यंत खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, निवृत्तीनंतर ती थांबते. २०१४ मध्ये निवृत्तांसाठी गट वैद्यकीय 'विमाछत्र' योजना आली, पण तिचा हप्ता निवृत्ताने स्वतःच्या खिशातून भरायचा. सामूहिक असल्याने बाजारापेक्षा बरी, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येईल.

इथे सेवाग्रामचा उल्लेख टाळता येणार नाही. गांधींच्या आश्रमाशी आपला वाद आहे आणि राहील. तरी कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, भोवतालच्या गावांत जो ज्वारीचा विमा चालवला तो अभ्यासण्यासारखा आहे. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात रुग्णालयाने सांभाळायचे. ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. हे तत्त्व आडारकरांच्याच जातीचे आहे. आणि कायद्याने वगळलेला शेतमजूर त्यात होता. माझा आक्षेप एवढाच की रुग्णालयाच्या सद्भावनेवर चाललेली योजना त्या रुग्णालयाभोवतीच्या गावांपुरती राहते. जी योजना कायद्यात असते तिच्यासाठी कोर्टात जाता येते.

मग आली कार्डांची पिढी. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. वर्धा त्यात नव्हता, आपल्याकडे ती २१ नोव्हेंबर २०१३ ला आली. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्यांना पाच लाखांचे संरक्षण आणि १३५६ उपचार जाहीर झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरच्या सर्वांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आले, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि हप्ताही नाही. १९५६ ला दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर असलेली पिढी आज सत्तरीत आहे, म्हणजे ही योजना थेट तिच्यासाठी आहे. वय आधारवरचे धरले जाते. कित्येकांच्या आधारवर '१ जानेवारी' आणि अंदाजाने टाकलेले साल आहे, तेव्हा पात्र माणूस पाच वर्षे अपात्र ठरू शकतो. आधी ते दुरुस्त करा. नोंदणी आयुष्मान ॲपवर होते, मदतीचा क्रमांक १४५५५. सीजीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एक निवडावे लागते, ईएसआयवाल्यांना दोन्ही ठेवता येतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून.

या योजनांना मी नावे ठेवत नाही. सावंगी-सेवाग्रामला बायपास फुकट झालेली माणसे माझ्या वस्तीत आहेत. पण एक फरक पोस्टरवाल्यांनी आणि सरकारच्या जाहिरातवाल्यांनीही लपवू नये. ही कार्डे भरती झाल्यावर चालतात. रोजची बीपीची गोळी, साखरेचे औषध, डॉक्टरची साधी तपासणी त्यात येत नाही. ईएसआयच्या १२० रुपयांत आणि सीजीएचएसच्या दवाखान्यात ते येते. म्हणजे पाच लाखांचे कार्ड लकवा आल्यावर कामाचे, आणि दहा रुपये महिन्याचा हक्क लकवा येऊ नये म्हणून. ईपीएस ९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये आहे. त्यात ज्याला घर चालवायचे आहे तो गोळीच आधी कापतो. मोठे बाबांनी तेच केले होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात गेला. आपल्या संघटनांनी आता तीन मागण्या लिहून द्याव्यात. निवृत्तांचा १२० रुपयांचा हक्क नव्या नियमांत शब्दशः राहावा. गिरणी बंद पडल्याने बाहेर फेकल्या गेलेल्यांनाही तो मिळावा. आणि 'हंगामी' या एका शब्दावर जिनिंगच्या बायांना बाहेर ठेवणे थांबावे. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य आणि आजारपण हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत.

तोवर विहारात एक वही ठेवायला परवानगी लागत नाही. वस्तीतल्या साठीवरच्या प्रत्येकाचे नाव, कुठे नोकरी केली, कोणत्या साली सुटली, कोणता विमा कापला जात होता, आधारवरचे वय काय. ज्यांच्याकडे जुनी पगारपत्रके किंवा ईएसआयचे जुने कार्ड आहे त्यांनी ते फेकू नये, पाच वर्षांचा पुरावा त्यातूनच निघतो. निवृत्तीचा दाखला नसेल तर मालकाकडे लेखी मागा आणि पोच घ्या. नवरा गेला असेल तरी बाईचे नाव वहीत घ्या, कारण विमेदाराच्या मागे जोडीदारालाही वर्गणी भरून लाभ चालू ठेवता येतो. आमच्या वहीतले पहिले नाव मोठ्या आईचे आहे. ट्रंकेच्या तळाशी मोठे बाबांचे कार्ड सापडले, कोपरे उंदरांनी खाल्लेले, पण नंबर वाचता येतो.